जंगली महाराज रस्ता: गाड्यांची जागा कमी केली, ते योग्यच झाले

कोथरूडकर:
पुणे महापालिकेने २०१६ नंतर जंगली महाराज रस्त्यावर गाड्यांची जागा कमी करून पदपथ रुंद केले आणि आजही तिथे कोंडी झाली की दोष त्या पदपथांनाच दिला जातो. मला हा दोष अनाठायी वाटतो. तासाला किती वाहने पुढे सरकतील हे मधल्या रुंदीपेक्षा पुढच्या चौकातला सिग्नल ठरवतो. त्याच्या आवाक्याबाहेरची वाहने रुंद रस्त्यावरही रांगेतच उभी राहतात. चालणाऱ्यांचा लाभ मात्र मोठा आहे. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या वृद्धाला साडेतीन मीटरच्या ४ मार्गिका ओलांडायला १४ सेकंद लागतात, ३ मार्गिकांना साडेदहा. बालगंधर्व रंगमंदिरातून नाटक संपल्यावर बाहेर पडणाऱ्यांना हा फरक जाणवतो. शिवाय जागा आटोपशीर असली की चालक वेग आवरतो आणि ताशी ५० किलोमीटरऐवजी ३० च्या वेगाने धडक बसल्यास तिची ऊर्जा साधारण एक तृतीयांशच उरते.

डेक्कनवरील दुकानदार:
चौकाचे गणित मान्य केले, तरी रस्ता केवळ चौकातच अडत नाही. प्रवासी उतरवायला एक रिक्षा थांबली की एक मार्गिका बंद होते, पीएमपीची बस थांब्यावर उभी राहिली की तिच्यामागे सारेच खोळंबतात आणि त्यात रुग्णवाहिका असली तर तिला वाट देण्यासाठी सरकायला जागाच नसते. कंटाळलेले चालक घोले रस्त्याकडे वळतात, म्हणजे त्रास तिथल्या रहिवाशांच्या दारात जातो. आणि ज्या पदपथासाठी हे सारे केले, त्यावर दुचाकी चढतातच.

कोथरूडकर:
दुचाकी चढतात हे खरे आहे, पण त्यावर उपाय अडथळ्याचे खांब आणि नियमित दंड हा आहे. पदपथ काढून टाकणे हा नव्हे. जुनी कडेची मार्गिका तरी वाहतुकीला कुठे मिळत होती? तिथे गाड्या लावलेल्या असत. रिक्षा आणि मालाच्या टेम्पोसाठी थांबण्याच्या जागा आखून त्या मोकळ्या राखल्या, तर आपली निम्मी तक्रार मिटेल.

शिवाजीनगरच्या रहिवासी:
रुग्णवाहिकेबद्दल आपण काहीच बोलला नाहीत. मला पदपथ हवेत, तरीही ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेता येईल अशी उतरती कड आराखड्यातच दाखवल्याशिवाय दुसरा कोणताही रस्ता असा अरुंद करण्यास माझा विरोध राहील.