रोजचा आकडा आणि स्वॅबची तारीख

सोमवारी कोरोनाच्या नव्या रुग्णांचा आकडा जवळपास दहा हजारांनी उतरला म्हणजे लाट ओसरू लागली होती, असं कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. महाराष्ट्रात १८ एप्रिल २०२१ला ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले, दुसऱ्या दिवशी ५८,९२४. पण बुधवारी परत ६७,४६८! शनिवार-रविवारी चाचण्या कमी होतात, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा आकडा उतरलेला दिसतो. म्हणून सात दिवसांची सरासरी बघायची, आणि सोबत शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह तेही.

दुसरं म्हणजे, आकडा कुठल्या तारखेचा हे कुणी विचारतच नाही. आमच्या वडिलांचा स्वॅब गुरुवारी घेतला, रिपोर्ट आला रविवारी. अंगात ताप त्याच्याही आधीपासून. म्हणजे रविवारच्या आकड्यात ते धरले गेले असतील, तर तो आकडा आदल्या आठवड्यातल्या संसर्गाचा. मृत्यूंची नोंद तर आणखी मागे राहायची. १६ जून २०२०ला राज्याने आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. त्या दिवशीचा आलेखातला सुळका बघून लोक किती घाबरले होते! शेजारी दोन ओळींचा खुलासा ठळक छापायला हवा होता, असं मला आजही वाटतं.