‘द थिन मॅन’ (१९३४): रहस्य विसरले तरी निक आणि नोरा लक्षात का राहतात?

टिळकवाडीची वाचक:
नमस्कार. टिळकवाडीतील आमचा वाचकगट दर महिन्याला एखाद्या सभासदाच्या घरी जुना चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर चर्चा करतो. या वेळी मी ‘द थिन मॅन’ सुचवला आहे. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवर आधारलेला, डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी दिग्दर्शित केलेला आणि विल्यम पॉवेल (निक) व मिर्ना लॉय (नोरा) यांनी पतिपत्नी म्हणून रंगवलेला हा चित्रपट मला मनापासून आवडतो. परंतु तो का आवडतो, हे सांगायला बसले की शब्द अपुरे पडतात. गटातील ज्येष्ठांचा आक्षेप असा, की ज्या रहस्यपटातील खुनी आठवड्याभरात विसरायला होतो, तो रहस्यपट फसलेलाच म्हणायचा. शिवाय त्यातील सततचे मद्यपान घरच्या बैठकीत पाहताना अवघडल्यासारखे होईल, अशीही शंका निघाली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. उत्तरात खुन्याचे नाव कृपया लिहू नये.

शहापूरचा रसिक:
ताई, आपल्या ज्येष्ठांनी ज्याला दोष म्हटले आहे, तो या चित्रपटात जाणूनबुजून स्वीकारलेला क्रम आहे. पटकथा लिहिणारे अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच हे स्वतः पतिपत्नी होते. व्हॅन डाइक यांनी त्यांना कादंबरीतले रहस्य आधारापुरते ठेवून निक व नोरा यांच्यातील प्रसंगांवर भर द्यायला सांगितले. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांत नायक-नायिकेचे लग्न झाले की कथा संपत असे. इथे लग्न आधीच झालेले आहे, ते सुखाचे आहे, आणि त्यात दुरावा, संशय किंवा तिसरी व्यक्ती आणून कथा पुढे रेटण्याची गरज लेखकांना वाटलेली नाही. दोन माणसांना एकमेकांचा सहवास मनापासून आवडतो, एवढ्यावर दीड तासाचा चित्रपट उभा राहतो, ही मला त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

गटाला एक धागा मुद्दाम दाखवावा. नोरा श्रीमंत घरची मुलगी आहे. निक हा माजी गुप्तहेर, आता गुप्तहेरीला रामराम ठोकून बायकोची मालमत्ता सांभाळणारा. एका बेपत्ता संशोधकाच्या प्रकरणात तपासाचे काम पुन्हा हाती घ्यायला तो राजी नसतो, आणि त्याच्यामागे लकडा लावते ती नोरा, कारण तिला त्यातली गंमत जवळून पाहायची असते. निक मात्र एकदा तिला टॅक्सीत बसवतो, चालकाला परस्पर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या न्यूयॉर्कमधील समाधीकडे न्यायला सांगतो आणि स्वतः तपासाला निघून जातो. पुढे भेट झाल्यावर समाधी कशी वाटली, असे तो साळसूदपणे विचारतो, तेव्हा ती शांतपणे उत्तर देते की फारच सुंदर आहे, तुमच्यासाठीही तशीच एक बनवून घेते आहे. आवाज चढत नाही, रुसवाफुगवा नाही. हिशेब मात्र तिथल्या तिथे चुकता होतो. मोरेली नावाचा पिस्तूलधारी गुंड त्यांच्या शयनगृहात शिरतो, त्या प्रसंगातही तेच. गोळी लागू नये म्हणून निक तिला ठोसा मारून बाजूला पाडतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिची तक्रार मार लागल्याची नसते, तर निकने त्याला कसे लोळवले ते पाहायला मिळाले नाही, ही असते. नवऱ्याने बायकोला ठोसा मारणे आज खटकते आणि खटकायलाच हवे, त्यावर आपल्या गटात जरूर बोलावे. पण नोराच्या त्या उत्तरातून तिचा बाणेदारपणाही दिसतो.

मिर्ना लॉय यांच्या वाट्याला त्याआधी बहुधा परदेशी मोहिनींच्या भूमिका येत असत. विनोदात त्या नुसत्या नजरेने किती साधतात, हे पाहण्यासाठी त्या एकट्या चौकटीत असतानाचे क्षण पाहावेत.

निपाणीची शिक्षिका:
वरील उत्तर पटते, परंतु ‘रहस्य आधारापुरते’ यावर थांबणे मला अपुरे वाटते. शेवटी निक सर्व संशयितांना एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसवतो आणि वाढपी म्हणून साध्या वेशातले पोलीस उभे केलेले असतात. त्या क्षणी खुनी कोण हे निकलाही ठामपणे ठाऊक नसते. तो बोलत जातो, एकेकाचा चेहरा वाचत जातो, आणि नोरा यजमानीण म्हणून ती पंगत सांभाळत असते. रहस्य नसते तर या दोघांची जोडी कामाला लागलेली आपल्याला दिसलीच नसती. आपल्याकडच्या जुन्या रहस्यकथांत गुप्तहेराची बायको बहुधा घरी वाट पाहत बसलेली असते. इथे ती पंगतीच्या मध्यभागी आहे, म्हणून त्या प्रसंगाची रंगत दुप्पट होते.

शीर्षकातला सडपातळ माणूस म्हणजे निक नव्हे, तर बेपत्ता झालेला संशोधक वायनंट, एवढे सुरुवातीलाच सांगून टाकावे. पुढच्या सर्व भागांच्या नावांत तेच शब्द राहिल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.

खानापूरहून:
मद्यपानाबाबत थोडी पार्श्वभूमी सांगितली तर अवघडलेपण बरेच कमी होईल. अमेरिकेत १९२० पासून लागू असलेली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि हा चित्रपट १९३४ च्या मे महिन्यात आला. निक पहिल्यांदा दिसतो तो कॉकटेल कोणत्या नाचाच्या तालावर हलवावे हे बारवाल्यांना शिकवताना, आणि ड्राय मार्टिनी नेहमी वॉल्ट्झच्या तालावर, हा त्याचा नियम असतो. पाठोपाठ नोरा येते ती हातात नाताळच्या खरेदीचे ढीग घेऊन, अ‍ॅस्टा कुत्र्याने ओढत आणलेली, आणि सरळ जमिनीवर पालथी पडते. सावरून बसल्यावर नवऱ्याची सहावी मार्टिनी चालू आहे असे कळताच ती वेटरला आणखी पाच आणायला सांगते. बरोबरीचा तिचा आग्रह इतक्या थोडक्यात कळतो, की मला तरी तो प्रसंग पेल्यांपेक्षा त्या दोघांच्या नात्याविषयीचा वाटतो.

आणखी एक व्यवहारातली सूचना. आमच्याकडे हा चित्रपट पाहिला तेव्हा इंग्रजी संवादांचा वेग ज्येष्ठांना झेपला नाही. वायनंट, त्याची मुलगी डोरोथी, घटस्फोटित पत्नी, वकील आणि सचिव यांची नावे व नाती मराठीत एका कागदावर लिहून आधीच वाटावीत. पहिली दहा मिनिटे निक-नोरा पडद्यावर येतच नाहीत. त्या वेळेत वायनंटचे घराणे नीट समजले, तर पुढे अडत नाही.

टिळकवाडीची वाचक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नात्यांचा कागद तयार करते, आणि पंगतीच्या प्रसंगावर वेगळी चर्चा ठेवते. गटाला आवडल्यास पुढचा कोणता भाग दाखवावा?

शहापूरचा रसिक:
एकूण सहा भाग आहेत, शेवटचा १९४७ चा. माझ्या मते १९३६ चा ‘आफ्टर द थिन मॅन’ निःशंकपणे निवडावा. कथा पहिल्या भागानंतर लगेच, सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होते, तरुण जेम्स स्टुअर्ट त्यात आहेत, आणि नोराच्या माहेरच्या प्रतिष्ठित मंडळींसमोर निकची होणारी पंचाईत पाहण्यासारखी आहे. नंतरच्या भागांत मूल येते, घर येते, आणि विनोद हळूहळू सौम्य होत जातो. ते सवडीने पाहावेत.