१३ वर्षांची मांजर मनी, पोटॅशियम सारखं खाली जातंय, ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असेल का?

मनीची_आई_डोंबिवली
आमची मनी महिनाभर मान खाली टाकून बसतेय, वर उचलताच येत नाही तिला. एका उडीत ओट्यावर जाणारी मांजर आता सोफ्यावर चढवा म्हणून ओरडते. पोटॅशियम २.६, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) थोडं जास्त. डॉक्टर म्हणाले वय झालं, किडनी आहे. सलाईनमधून पोटॅशियम दिलं की दोन दिवस बरी, परत तेच. काल दुसऱ्या डॉक्टरांनी ॲड्रिनलचं नाव काढलं. कुणाला अनुभव आहे का? मुंबईत कुठे दाखवू? तोवर शहाळ्याचं पाणी देऊ का?

बोकोबा_पुणे
ताई शहाळं नको, एवढं कमी झालेलं पोटॅशियम त्याने भरून येत नाही. आधी बीपी मोजून घ्या, आजच. आमच्या बोक्याला हेच होतं, आम्ही चार महिने किडनी किडनी करत बसलो आणि एका सकाळी तो भिंतीला धडकायला लागला, डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण मोठ्या, बीपी २१०. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटला होता. एका डोळ्याने थोडं दिसायला लागलं, दुसरा गेलाच. तेव्हाच कुणी पट्टा बांधून बीपी बघितलं असतं तर, हे अजून डोक्यातून जात नाही.

व्हेट_नाशिक
बोकोबांशी सहमत. किडनीच्या वर छोटीशी ॲड्रिनल ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली की अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त बनतं, मग शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं. बीपी चढतं, त्याने किडनी अजून बिघडते, म्हणून रिपोर्टमध्ये फक्त किडनीच दिसते. सोनोग्राफी करताना दोन्ही ॲड्रिनल मोजा असं आवर्जून सांगा. अल्डोस्टेरॉनचं सॅम्पल स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारं औषध) सुरू करायच्या आधी द्या, नंतर आकडा फसवतो. माणसांच्या लॅबमधली नॉर्मल रेंज मांजरीला लावू नका.

गाठ एकाच बाजूला असेल आणि पसरली नसेल तर ऑपरेशनने बरं होऊ शकतं, पण शेजारीच मोठी शीर असते, रक्तस्रावाचा धोका खरा आहे, त्यामुळे आधी सीटी स्कॅन हवा. नाहीतर स्पायरोनोलॅक्टोन, तोंडाने पोटॅशियम आणि बीपीला ॲम्लोडिपिन, यावर पुष्कळ मांजरी चांगल्या राहतात. डोस डॉक्टरच ठरवतील, पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

परळकर
मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, नाहीतर महालक्ष्मीचं टाटांचं नवीन. जायच्या आधी फोन करून सीटीचं विचारा. मनीला शुगर आहे का? इन्सुलिन वाढवूनही शुगर उतरत नसेल, कातडी कागदासारखी फाटत असेल तर तो कुशिंग, ग्रंथी तीच पण आजार वेगळा, औषध पण वेगळं.

मनीची_आई_डोंबिवली
शुगर नाही. आत्ताच बीपी मोजून आलो, तीन वेळा घेतलं, १९० च्या खाली एकदाही नाही. ॲम्लोडिपिन आजपासून. परवा सोनोग्राफी आहे, अल्डोस्टेरॉनचं सॅम्पल तेव्हाच देतेय. डोळे तपासले, पडदा जागेवर आहे. बोकोबा, तुमच्यामुळे आज गेलो, नाहीतर रविवारची वाट बघत होतो.