वाढत्या कंपनीतली ओढाताण: एप्रिलपर्यंत थांबू की राजीनामा देऊ?

बाणेरची_टेस्टर
मंडळी, सल्ला हवाय. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. मी लागले तेव्हा अख्खी कंपनी एका मजल्यावर मावत होती, आता तीन मजले आहेत. सेल्सवाले गिऱ्हाईकाला आधी तारीख देऊन मोकळे होतात, मग आम्हाला कळवतात. आमचा मॅनेजर कोडिंगमध्ये बाप माणूस, म्हणून गेल्या अप्रेझलला मॅनेजर केला. त्याला वरच्यांना 'नाही' म्हणता येत नाही. परिणामी रात्री दहाला अमेरिकेचा कॉल, सकाळी साडेनऊला टीमची स्टँडअप मीटिंग, शनिवार गृहीतच. कॉम्प ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) मागितला की "रिलीज होऊन जाऊ दे गं". एका सहकाऱ्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी होती, तो हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

ऑफर हातात नाही, गृहकर्ज आहे, नोटीस ९० दिवसांची. एप्रिलमध्ये पगारवाढ आणि ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क) देऊ म्हणतात.

खराडीकर
ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस. नेमणूकपत्रात नोटीस बायआउट (पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करायची सोय) आहे का बघ, आणि तो बेसिकवर (मूळ पगारावर) आहे की ग्रॉसवर (भत्त्यांसकट एकूण पगारावर) तेही. फरक मोठा पडतो.

एचआर_मधलीच
ईसॉपचं ग्रँट लेटर, म्हणजे हक्क दिल्याचं लेखी पत्र, मिळालंय का? नसेल तर सध्या त्या नुसत्या गप्पा आहेत. आणि आज लेटर मिळालं तरी नियमानुसार ग्रँट आणि वेस्टिंगमध्ये (हक्क मिळणं आणि तो वापरता येणं यात) किमान एक वर्ष जावं लागतं. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीत पुढे ते घ्यायला पैसे भरा, वर टॅक्स भरा, आणि विकायचे कुणाला? एप्रिलसाठी थांबायचं तर पगारवाढीसाठी थांब. बोनसची अटही वाच, नोटीसवर असलेल्याला बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

कलमबहाद्दर
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना तो लागू नाही. आता कळलं का, दोन वर्षांच्या अनुभवावर सगळे 'लीड' कसे होतात? अशा पदांची यादी कंपनीनं वेबसाइटवर लावायची असते. तुझं पद त्यात आहे का बघ.

अवांतर: २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सीएचा मृत्यू झाला, तिच्या आईनं कामाच्या ताणाबद्दल पत्र लिहिलं. चार दिवस सगळे हळहळले, आणि २०२५ च्या जानेवारीत ९० तासांच्या आठवड्याची भाषा सुरू झाली.

मीही_मॅनेजर
मॅनेजरची बाजू मांडतो, जोडे नंतर मारा. मला वरून फक्त तारखा यायच्या. टीममधल्या एकीनं मेल टाकला: "या आठवड्यात चार कामं आहेत, वेळेत दोनच बसतात. कुठली दोन मागे ठेवू?" त्या मेलमुळे मला वर दाखवायला कागद मिळाला. एकदा करून बघ. तोंडी नको, मेलच कर.

खराडीकर
हा मेल मीही लिहिला होता. उत्तर आलं, "चारही."

एचआर_मधलीच
तरी लिहावा. पुढे उपयोगी पडतो. आणि एक, पीएफचं पासबुक शेवटचं कधी उघडलंस?

बाणेरची_टेस्टर
आत्ता उघडलं. पगारपत्रकात दर महिन्याला कपात दिसतेय, पासबुकात ऑगस्टनंतर भरणाच नाही. हे काय आहे?

कलमबहाद्दर
कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. सगळ्या पगारपत्रकांच्या आणि पासबुकाच्या प्रती आजच स्वतःच्या ईमेलवर घे. एचआरला लेखी विचार. उत्तर नाही आलं तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर टाक.

एचआर_मधलीच
आता माझं मत बदललं. पीएफ थकतो तिथे पुढचा नंबर बहुतेक वेळा पगाराचा असतो.  एप्रिलची वाट बघू नकोस, बायोडेटा आज रात्रीच अपडेट कर. बाहेर पडताना लक्षात ठेव, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. '४५ दिवसांत हिशेब करू' ही थाप ऐकून घेऊ नकोस.

मीही_मॅनेजर
माझा मेलचा सल्ला मागे. टीममधल्या बाकीच्यांनाही पासबुक बघायला सांग, पण ऑफिसच्या चॅटवर नको.

बाणेरची_टेस्टर
तिघांना फोन केला, तिघांचंही तेच. उद्या एचआरला मेल टाकतेय. मसुदा इथे डकवू का?

कलमबहाद्दर
डकव. कंपनीचं नाव काढून.