ला पाझहून एका दिवसात कोपाकबाना आणि सूर्यबेट जमेल का? (सोबत आई-बाबा)

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. मे अखेरीस बोलिव्हियाला जायचं ठरतंय. मी, बायको आणि आई-बाबा, असे चौघे. बाबा 66 वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. आई 61, मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. ब्राझीलमार्गे सांताक्रूझला उतरायचं, तिथून विमानाने ला पाझ. ला पाझला तीन रात्री आहेत. त्यातला दुसरा दिवस टिटिकाका सरोवराकाठचं कोपाकबाना गाव आणि समोरचं सूर्यबेट (इस्ला देल सोल) यासाठी ठेवलाय. एका दिवसात जाऊन-येऊन होतं का? बेटावर चढ किती आहे? आणि आम्ही चौघेही शाकाहारी, तिथे खायचं काय?

होटगी_रोड

कागदावर होतं, प्रत्यक्षात बेट हाती लागत नाही. हिशेब बघा. ला पाझ ते कोपाकबाना साधारण 150 किमी, पण बसला साडेतीन ते चार तास लागतात. सकाळी सातला निघालात तर अकराला पोचाल. बेटाकडे बोटी साधारण दोनदाच सुटतात, सकाळी साडेआठला आणि दुपारी दीडला. सकाळची गेलेलीच असते. दीडची बोट दीड तासाने, म्हणजे तीनला बेटावर लावते आणि परतीची बोट साडेतीन-चारला निघते. एवढ्यासाठी आई-बाबांना आठ तास बसमध्ये बसवू नका.

ला पाझची एक रात्र कमी करून ती कोपाकबानाला द्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचा, चर्च आणि काठावरचा फेरफटका करा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी साडेआठची बोट पकडा, दुपारी परत या आणि संध्याकाळच्या बसने ला पाझ गाठा. एक दिवसाची सहल करायचीच, तर ती ला पाझहून नको, कोपाकबानाहून करा.

वाटेत तिकिना इथे सरोवराची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागते. बस लाकडी तराफ्यावर चढते आणि प्रवाशांना उतरून छोट्या होडीतून वेगळं जावं लागतं. होडीचे पैसे बसच्या तिकिटात नसतात, सुटी नाणी खिशात हवीत. पासपोर्ट, पैसे, औषधं बसमध्ये सोडू नका. पलीकडे एकसारख्या दिसणाऱ्या चार-पाच बस उभ्या असतात, म्हणून उतरण्याआधी आपल्या बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा.

बोलिव्हियात आंदोलनं झाली की रस्ते अडवले जातात आणि हा रस्ताही त्यातून सुटत नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कोपाकबाना ठेवू नका. मध्ये एक मोकळा दिवस पाहिजेच.

कंबर_तलाव

वेळेपेक्षा मला उंचीची काळजी जास्त वाटते. सोलापूर साडेचारशे मीटरवर, सांताक्रूझही जवळपास तेवढंच. म्हणजे सांताक्रूझला मुक्काम केला तर थकवा जाईल, पण उंचीची सवय अजिबात होणार नाही. तिथून तासाभराच्या विमानाने तुम्ही एकदम ला पाझच्या, एल आल्तो इथल्या विमानतळावर, 4,060 मीटरवर उतरता. टिटिकाका 3,812 मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सोलापुरात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच तिथे मिळतो.

त्यामुळे पहिल्या दोन रात्री ला पाझच्या दक्षिण भागात, सोना सुर म्हणतात त्या बाजूला राहा. शहराच्या मध्यापेक्षा तो भाग तीनशे मीटर तरी खाली आहे आणि झोप खालच्या जागी झालेली चांगली. पहिल्या दिवशी बॅगा स्वतः उचलायच्या नाहीत, रात्री हलकं जेवायचं, दारू आणि झोपेची गोळी बंद.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) गोळीबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. नेहमीचा प्रतिबंधक डोस 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे आपल्याकडच्या 250 च्या गोळीची अर्धी-अर्धी, वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, तेही विचारा. डायमॉक्सने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. ते अपेक्षित आहे, घाबरून गोळी सोडू नका. चार तासांच्या बसप्रवासात मात्र लघवीचा प्रश्न खरा असतो, तिकिनाला उतरता तेव्हा शौचालयात जाऊन या.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे इतपत असेल तर आहे तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढणे, चालताना झोक जाणे किंवा असंबद्ध बोलणे यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

जुळे_सोलापूर

दोघांचेही आभार. कोपाकबानाला रात्र ठेवतो. बेटावरच्या चढाचं अजून सांगा ना, बाबांचे गुडघेही कुरकुरतात.

विजापूर_वेस

बेटावर गाड्या नाहीत, सामान गाढवांवरून जातं. बहुतेक जण युमानी गावाच्या धक्क्यावर उतरतात आणि समोरच इंका जिना लागतो. सुमारे दोनशे दगडी पायऱ्या, उंचीला असमान, काही गुडघ्याएवढ्या. तिथे संपलं असं वाटतं, पण गाव त्याच्याही वर आहे. डोंगराची धार सरोवरापासून जवळजवळ दोनशे मीटर उंच. बोटीतून उतरलेली माणसं उत्साहात भरभर चढतात आणि पन्नासाव्या पायरीला छाती धरून बसतात.

आई-बाबांसाठी उलटा क्रम चांगला. बऱ्याच बोटी युमानीच्या थोडं आधी, दक्षिण टोकाला पिल्कोकाइना या इंकाकालीन वास्तूपाशी थांबतात. तिकीट काढतानाच विचारून घ्या आणि तिथे उतरा. तिथून युमानीकडे जाणारी पाऊलवाट हळूहळू चढते, डाव्या-उजव्या हाताला शेतीच्या पायऱ्या आणि खाली निळं पाणी. तासभर धरा. मग जिना उतरून युमानीच्या धक्क्यावर परतीची बोट पकडायची. उतरताना गुडघ्यावर भार येतोच, म्हणून बाबांना काठी द्या. चालण्याचा वेग असा ठेवा की बोलताना वाक्य तुटता कामा नये. ज्याला चढायचंच नाही त्याने धक्क्यावर बसावं. तीही जागा सुंदर आहे.

उत्तर टोकाचे चिंकानाचे अवशेष या वेळापत्रकात बसत नाहीत, सोडून द्या.

बोटीच्या छपरावर बसायला मजा वाटते, पण वारा बोचरा असतो आणि पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन चेहरा भाजतं. आपल्याला उन्हाची सवय आहे या भरवशावर राहू नका. उंचीवर अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्के वाढतात आणि हवा गार असल्यामुळे भाजल्याचं कळत नाही.

गावात बॅसिलिकासमोर नव्या गाड्यांना आशीर्वाद द्यायचा कार्यक्रम असतो. फुलांच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग बघून दसऱ्याची आठवण येईल. आतली कोपाकबानाच्या मातेची मूर्ती फ्रान्सिस्को तितो युपांकी या स्थानिक मूर्तिकाराने घडवली, 1583 मध्ये तिची इथे स्थापना झाली. तिचे फोटो काढू देत नाहीत.

आणि घड्याळ! कोपाकबाना पेरूच्या सीमेला अगदी लागून आहे, पेरूची वेळ बोलिव्हियाहून एक तास मागे. फोनने पलीकडच्या टॉवरची वेळ उचलली की साडेआठची बोट गेलीच म्हणून समजा. आपोआप वेळ बदलणं बंद करून ठेवा.

नवी_पेठ

खाण्याचं सांगतो. काठावर सगळीकडे त्रुचा, म्हणजे ट्राउट मासा. शाकाहारात किनोआचं सूप, उकडलेले बटाटे, मका, बाकळ्याच्या शेंगा, चीज. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे कार्ने" (मांस नको, चिकन नको, मांसाचं पाणी नको) असं तिन्ही स्पष्ट सांगा. पाणी तिथे 87 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे खोलीतल्या किटलीत डाळ-तांदूळ शिजवायच्या भानगडीत पडू नका, कच्चंच राहतं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, बेटावरच्या दुपारी तेच पोटाला आधार देईल. चटणीची सीलबंद पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म होतात, कारण आत सोलापूरची हवा आणि बाहेर दाब कमी. पाकिटं गच्च भरलेली नकोत, वर दुसरी झिपची पिशवी घाला, नाहीतर तेल कपड्यांना लागतं.

आईंचं इन्सुलिन: मे अखेर म्हणजे तिथला हिवाळा, रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि साध्या खोल्यांत हीटर नसतो. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. रात्री ते पांघरुणात घ्या, दिवसा आतल्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत दगा देतो, तपासणीआधी हातात गरम करून घ्या.

शेवटचं, पण हे विसरलात तर परतताना अडकाल. बोलिव्हिया आणि ब्राझील दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांना ही पहिल्यांदाच देताना डॉक्टर जास्त तपासून देतात, त्यामुळे आई-बाबांचं आधी उरका. आणि तिथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास मिळतो, पण त्याची एक पुडीसुद्धा बॅगेत राहू देऊ नका. आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.