लक्झेंबर्गची श्रीमंती : स्वतःच्या घामाची की शेजाऱ्यांच्या?

घाटवाटा :
दरडोई जीडीपीच्या, म्हणजे देशात होणाऱ्या उत्पादनाच्या, जागतिक यादीत लक्झेंबर्ग कायम अगदी वर असतो, आणि मग आपल्याकडे ‘छोटा देश, चोख कारभार’ असं कौतुक सुरू होतं. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. पण हा दरडोई आकडा निघतो कसा, ते बघा. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं तिथे कामाला येतात आणि काम संपलं की सीमेपलीकडे घरी जातात. उत्पादन मोजताना त्यांची मेहनत धरली जाते, भागाकार करताना मात्र ती माणसं गणतीत नसतात. त्यांना लहानाचं मोठं केलं, शिकवलं फ्रान्समधल्या मेस आणि तियोंव्हिलच्या बाजूच्या अशा गावांनी. त्यांच्या पगारावरचा कर मुख्यतः लक्झेंबर्गच्या तिजोरीत जातो. बेल्जियमच्या सीमेवरच्या गावांना त्यातला थोडा वाटा परत मिळतो, फ्रान्सच्या गावांना तोही नाही. मी याला आयत्या पिठावर रेघोट्या म्हणेन.

एशकर :
साफ असहमत. मी नऊ वर्षं लक्झेंबर्गच्या दक्षिणेतल्या एश-सूर-आल्झेत शहरात राहतो, म्हणून हे मनाला लागलं.

हा देश पूर्वी गरीब होता. एकोणिसाव्या शतकात इथले हजारो शेतकरी अमेरिकेला निघून गेले. दक्षिणेच्या तांबड्या मातीत ‘मिनेत’ नावाचं लोहखनिज होतं, पण त्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे पोलाद ठिसूळ व्हायचं. १८७९ मध्ये फॉस्फरस काढून टाकणाऱ्या थॉमस-गिलख्रिस्ट प्रक्रियेचा परवाना इथल्या कारखानदारांनी घेतला आणि तेच खनिज कामाचं ठरलं. भट्टीतली फॉस्फरसयुक्त धातुमळी शेतात खत म्हणून गेली. खाणींत आणि भट्ट्यांवर इटालियन मजूर आले, १९६० नंतर पोर्तुगीज. १९११ मध्ये आर्बेद ही पोलाद कंपनी उभी राहिली, आणि पुढची कित्येक दशकं देश तिच्याच जिवावर चालला.

मग १९७५ च्या सुमारास पोलादाचं संकट आलं. शेजारच्या फ्रेंच लोरेनमध्ये हजारो कामगार रस्त्यावर आले. इथे १९७७ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या. घाऊक कपात टाळली, लोकांना लवकर निवृत्ती दिली, रिकाम्या हातांना सार्वजनिक कामं दिली, त्यासाठी सगळ्या जनतेने जादा कर सोसला. एशमधल्या बेलव्हाल कारखान्याची शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये विझली. आज त्याच आवारात विद्यापीठ आहे, जुन्या भट्ट्या मधोमध उभ्या आहेत. याला आयतं कसं म्हणायचं?

आणि कामगारांचं म्हणाल तर किमान वेतन महिना २,६०० युरोंच्या वर, युरोपीय संघात सर्वांत जास्त. महागाई वाढली की पगार कायद्यानेच वाढतो. म्हणून तर लोक रोज गर्दी सोसून येतात.

चौकस :
पोलादाचा इतिहास मान्य, पण आजचा पैसा पोलादाचा नाही, फंडांचा आहे. इथल्या गुंतवणूक फंडांची मालमत्ता पाच लाख कोटी युरोंच्या पुढे आहे, अमेरिकेनंतर जगात दुसरी. १९२९ च्या होल्डिंग कंपनी कायद्यापासून हे धोरण चालत आलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लक्सलीक्स’ची कागदपत्रं फुटली, तेव्हा तीनशेहून जास्त बड्या कंपन्यांनी इथल्या करखात्याकडून कशा सवलती पदरात पाडून घेतल्या ते जगाने पाहिलं. तो कर दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या शाळा-दवाखान्यांचा होता. एशकर, यावर तुमचं उत्तर काय?

एशकर :
त्याचं समर्थन मी करणार नाही. ती चूकच होती. बँकांची गुप्तता मोडून २०१५ पासून खात्यांची माहिती इतर देशांना आपोआप जाते, एवढं सुधारलं. पण फंडांमध्ये काम करणारी माणसंही कष्टच करतात, हे विसरू नका.

घाटवाटा :
१९७७ ची गोष्ट मला माहीत नव्हती. शब्द कडक गेला, तो मागे घेतो. पण माझा मुद्दा त्याने जास्तच पक्का होतो. संकटात एका टेबलाशी बसायची रीत ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आता त्या टेबलावर तियोंव्हिललाही खुर्ची द्यायला हवी. देशात राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे परदेशी नागरिक. २०१५ च्या सार्वमतात त्यांना संसदेसाठी मताचा हक्क द्यायला सुमारे ७८ टक्क्यांनी नकार दिला. सीमेपलीकडच्यांचा तर प्रश्नच आला नाही. मग त्यांच्या बाजूने बोलणार कोण?

एशकर :
सार्वमताचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. त्यामागे भीती होती. तीन भाषांच्या देशात आपली लक्झेंबर्गिश बुडेल, ही. ती भीती मी समजू शकतो, निकाल पटला नाही.

फ्रान्सला करातला वाटा मिळावा, हे मात्र मला मान्य. आमच्या इमारतीचं छत दुरुस्त करणारा पोर्तुगीज गवंडी पूर्वी इथेच, आमच्या गल्लीत राहायचा. घरभाडं झेपेना, म्हणून सीमेपलीकडे ओदं-ल-तीशला गेला. इथून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. १ मार्च २०२० पासून देशभर बस-ट्रेन फुकट आहे, पण सीमेपलीकडून येणाऱ्याला सहसा तिकडच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं. परवा बाजारात भेटला, तेव्हा मुलांच्या शाळेबद्दल बोलत होता. शाळा आता तिकडची. कर अजून इकडे.