डार्क फायबर शाबूत आहेत की नाही, हे वेळेत कसं कळणार?

प्रश्न

आमची २४ कोरची (म्हणजे २४ काचेच्या तंतूंची), २२ किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल आहे. चार ट्यूब, प्रत्येकीत सहा कोर. पहिल्या ट्यूबमधले सहा चालू, बाकीचे अठरा डार्क, म्हणजे न वापरलेले. मागच्या महिन्यात एका चालू कोरचा लॉस (वाटेत होणारी प्रकाशाची घट) वाढला म्हणून रात्री दोन वाजता लिंक डार्क कोरवर हलवायला बसलो. पहिला घेतला, पलीकडे प्रकाशच पोचेना. दुसराही तसाच. तिसऱ्यावर लिंक उठली. नंतर ओटीडीआर (कोरमध्ये प्रकाशाचे पल्स सोडून, परत येणाऱ्या प्रकाशावरून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लावला तर दोन्ही मेलेले कोर १४.२ किलोमीटरवर तुटलेले. कधी तुटले ते कुणालाच माहीत नाही, कारण केबल टाकल्यापासून त्यांना कुणी हातच लावला नव्हता. ही वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही. अठराच्या अठरा कोरवर कायम ओटीडीआर लावणं परवडणार नाही. एकच कोर सतत तपासत राहिलो तर भागेल का?

उत्तर: स्प्लाइसिंगवाला

एकाने भागणार नाही. अख्खी केबल तुटली तर एक कोरही सांगेल, पण तुमचे दोनच तुटले आणि शेजारचे जगले. असं बहुतेक वेळा जॉइंटमध्ये होतं: दुसऱ्या कामासाठी क्लोजर (जॉइंटचा डबा) उघडतात, आतला कोरचे वेढे ठेवायचा ट्रे परत बसवताना एखादा वेढा झाकणाखाली येतो. १४.२ वर जॉइंट आहे का, ते आधी बघा. ओटीडीआर काचेची लांबी सांगतो. जॉइंटजवळ गुंडाळून ठेवलेली जादा केबलही त्यात येते, त्यामुळे रस्त्यावरचं अंतर त्याहून कमी भरेल.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ट्यूबमधला एकेक डार्क कोर ऑप्टिकल स्विचला जोडा, म्हणजे एकच ओटीडीआर आळीपाळीने तिन्ही बघेल. केबल एका बाजूने दबली की सगळ्या ट्यूबना सारखा मार बसत नाही, म्हणून प्रत्येकीतला एक हवाच. पहिल्या ट्यूबसाठी चालू लिंकच्या एसएफपीवरची (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलवरची) रिसीव्ह पॉवर नोंदवत राहा.

मोजणी १३१० आणि १५५० नॅनोमीटर, दोन्हीवर करा. वाकलेला कोर १५५० वर जास्त प्रकाश सांडतो आणि १६२५ वर त्याहून जास्त, १३१० वर मात्र तो निरोगी दिसतो. खराब स्प्लाइस (दोन कोर जोडलेली जागा) दोन्हीकडे साधारण सारखाच दिसतो. डार्क कोरवर चालू सिग्नल नसल्याने १५५० बिनधास्त वापरता येतं. फक्त ओटीडीआर लावण्याआधी पॉवर मीटरने कोर खरंच डार्क आहे ना ते बघा, आणि पलीकडे रिसीव्हर जोडलेला नाही ना याची खात्री करा. त्या पल्सने रिसीव्हर जळू शकतो.

आणि कळकळीने सांगतो, चांगल्या स्थितीतला ट्रेस (ओटीडीआरचा आलेख) जपून ठेवा. पल्सची रुंदी, रेंज, लाँच केबल (ओटीडीआर आणि कोरच्या मधली जोडकेबल) सगळं तेच ठेवून पुढचा ट्रेस त्यावर ठेवून बघा. तो जुना ट्रेस नसेल तर आज दिसणारी पायरी (एका जागी अचानक वाढलेला लॉस) नवी की पहिल्यापासूनची, हे कुणीच सांगू शकणार नाही.

उत्तर: देखभाल विभाग

उरलेल्या पंधरासाठी आम्ही करतो ते सांगतो. पलीकडच्या टोकाला दोन-दोन कोर पॅच कॉर्डने जोडून ठेवायचे. मग इथे बसूनच एकात लाइट सोर्स, दुसऱ्यावर पॉवर मीटर. तुमच्याकडे जाऊन-येऊन ४४ किलोमीटर होतील, १५५० ला ०.२ डीबी (लॉस मोजायचं एकक) प्रतिकिलोमीटर धरलं तर ८.८ डीबी, वर स्प्लाइस आणि कनेक्टरचा थोडा लॉस. महिन्यातून एकदा आकडे लिहून ठेवले की पुरे. पंधरातला एक एकटा उरतो, त्याला ओटीडीआरच लावा. मोकळ्या कनेक्टरना टोप्या घाला. धुळीने वाढलेल्या लॉसमागे आमचे दोन दिवस गेले आहेत.

प्रश्नकर्ता

जॉइंटच निघाला. दोन्ही कोर ट्रेच्या कडेखाली चिरडले होते. पुन्हा स्प्लाइस केले, आता ठीक आहेत. मग सगळ्या ट्यूब मोजल्या, तर तिसऱ्या ट्यूबमधल्या कोरवर ९.१ किलोमीटरला १५५० वर ०.४ डीबीची पायरी आहे, १३१० वर काहीच नाही. लिंक या लॉसवरही आरामात चालेल. तसंच सोडू का?

उत्तर: स्प्लाइसिंगवाला

सोडू नका, याच आठवड्यात जा. तिथे कोर वाकलाय, अजून तुटलेला नाही, आणि नेमकं हेच आपल्याला वेळेत पकडायचं होतं. निघण्याआधी त्याच ट्यूबमधले उरलेले पाच कोरही १५५० वर मोजा. सगळ्यांवर तीच पायरी असेल तर ट्यूब किंवा केबल कुठेतरी दबली आहे, खोदायची तयारी ठेवा. एकट्यावरच असेल तर बहुधा ट्रेमधला वेढा आवळला गेलाय, क्लोजर उघडून मोकळा करा आणि झाकण लावल्यावर पुन्हा मोजूनच तिथून हला.